सरकारी जंगलात हरीण दिसेना. जागा बदलू का? (पेनसिल्व्हेनिया)

कुडाळचो_झील

नमस्कार मंडळी. शिकारीचा विषय आहे, ज्यांना वावडं असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

हॅरिसबर्गजवळ राहतो, मूळ कुडाळकडचा. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि तेवढ्या दिवसांत डुकरं भात उपटून मोकळी. मला तिला हात लावायची परवानगी कधी मिळाली नाही. बंदूक पहिल्यांदा धरली ती इथे, शेजारच्या आजोबांमुळे. ते आता ७८ वर्षांचे आहेत. क्लिंटन काउंटीत रेनोव्होच्या वरच्या अंगाला, स्प्राउल स्टेट फॉरेस्टला लागून त्यांची एक लाकडी खोली आहे, इथल्या भाषेत 'कॅम्प'. थँक्सगिव्हिंगनंतर आम्ही दोघं तिथे जातो. पूर्वी सहा जण असायचे. दोघं वारले, एक फ्लोरिडाला गेला, एकाचे गुडघे गेले.

२०११ साली माझ्या पहिल्या मोसमात पहिल्याच दिवशी ११ हरणं मोजली होती. गेल्या तीन मोसमांत मिळून चार. त्यातली दोन गाडीच्या उजेडात.

आजोबांचं म्हणणं ठरलेलं आहे: खात्यानं माद्या मारायला लावल्या आणि डोंगर रिकामा केला. संध्याकाळी शेगडीपुढे हे पुराण रोज होतं. ते खरं किती, हा एक प्रश्न. दुसरा म्हणजे, सरकारी जमिनीवरच शिकार करायची तर कुठे जावं? खासगी शेत भाड्यानं घेणं मला परवडत नाही, आणि पटतही नाही. तिसरा सगळ्यांत अवघड. आजोबा तो डोंगर सोडायला तयार नाहीत आणि मला त्यांना सोडून दुसरीकडे जायचं नाही.

टवाळ_तात्या

हरीण दिसेनासं झालं ही हरणाच्या बाजूनं बघितलं तर बरी बातमी आहे.

पानगळ

तात्या, हजेरी लागली, बसा.

झीलभाऊ, मी स्टेट कॉलेजला असतो आणि तुमच्या त्याच भागात, म्हणजे २जी विभागात, बरीच वर्षं पाय तुडवतोय. (२जी म्हणजे मोबाइलवालं नव्हे. राज्याचे वन्यजीव व्यवस्थापनासाठी विभाग पाडलेत, त्यातला एक.) तुमच्या आजोबांचं म्हणणं अर्धं खरं आहे.

आधी एक गोंधळ सोडवू. हरीण एका खात्याचं आणि झाडं दुसऱ्या खात्याची. कोटा, मोसम, परवाने गेम कमिशन ठरवतं. स्प्राउलची जमीन मात्र राज्याच्या वनविभागाची. गेम कमिशनच्या मालकीच्या जमिनी वेगळ्या, त्यांना स्टेट गेम लँड्स म्हणतात. पहिली १९२० मध्ये एल्क काउंटीत घेतली, आता सगळ्या मिळून १५ लाख एकरांवर आहेत. तुम्ही स्टेट फॉरेस्टात बसून शिव्या गेम कमिशनला घालताय, म्हणजे निम्म्या पत्ता चुकलेल्या.

आता इतिहास. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथलं हरीण जवळजवळ संपलं होतं. १९०६ पासून मिशिगनहून विकत आणून सोडलं आणि १९०७ मध्ये मादी मारायला बंदी झाली. त्याच सुमारास लाकूड कंपन्यांनी हे सगळे डोंगर बोडके केले होते. बोडक्या डोंगरावर कोवळी झाडोरं उगवली आणि हरणाला तोंडाच्या उंचीवर मैलोन् मैल पान वाढलेलं मिळालं. हरीण बेसुमार वाढलं. आजोबांनी तरुणपणी जे पाहिलं ते या वाढीच्या शेपटाचं टोक. आता ती सगळी झाडं शंभरीची झालीत. वर छत्री, खाली अंधार, जमिनीवर नेचे. नेचा हरीण खात नाही, आणि नेच्याच्या गालिच्यातून ओकचं रोप वर येत नाही. वनविभागानं काही ठिकाणी आठ फुटी कुंपणं घातलीत, ती एकदा बघून या. आत रोपांचं रान, बाहेर नेचे. ते बघितल्यावर माझा तरी मादीच्या परवान्यांवरचा राग निम्मा ओसरला.

निम्माच. २००० नंतर गॅरी आल्ट हे जीवशास्त्रज्ञ हरणांचा कार्यक्रम चालवत होते, तेव्हा नर-मादीचा मोसम एकत्र झाला, २००२ मध्ये शिंगांचा नियम आला (बहुतेक विभागांत एका बाजूला किमान तीन टोकं), आणि पाठोपाठ डीमॅप आलं, म्हणजे ठरावीक जमिनीपुरते मादीचे जादा परवाने. मोठ्या जंगलात हे सगळं एकदम झालं आणि हरीण उतरलं, यात वाद नाही. उतरवायचंच होतं. फक्त कॅम्पवरच्या माणसाला 'जंगल सावरेपर्यंत वीस-तीस वर्षं कमी दिसेल' हे कुणी त्याला समजेल असं सांगितलं नाही. त्याला आकडा नको होता, त्याला डोंगर बघायचा होता.

तुम्हाला सल्ला: डोंगर सोडू नका, बसायची जागा सोडा. पाच ते पंधरा वर्षांपूर्वी तोड झालेला पट्टा शोधा. वनविभागाच्या नकाशावर तोडीचे पट्टे दिसतात, आणि एरवी बंद असलेले कोणते रस्ते मोसमात उघडतात तेही दिसतं. पट्ट्याच्या मधे बसू नका, कडेला बसा, जिथे तोड आणि जुनं जंगल भेटतं. ओकची फळं ज्या वर्षी भरपूर पडतात त्या वर्षी मात्र हरीण पट्ट्यात येतच नाही, ओकाखाली पडून असतं. सप्टेंबरात वर मान करून झाडं बघा. आणि बर्फ वितळला की मार्चमध्ये एक चक्कर. लेंड्या, खुडलेले शेंडे, शिंगं घासलेली खोडं, सगळं तेव्हा उघडं असतं.

आकडेमोड

पानगळ यांच्याशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. राज्यभरातला आकडा बघाल तर हरीण संपलंय असं कुणी म्हणणार नाही. २००२-०३ च्या मोसमात ५ लाख १७ हजारांवर हरणं मारली गेली, तो उच्चांक. २०२४-२५ मध्ये ४ लाख ७५ हजारांच्या वर. म्हणजे हरीण आहे, तुमच्या डोंगरावर नाही. ते शेतांच्या कडेला आणि फिलाडेल्फियाच्या उपनगरांत लोकांच्या बागा खातंय.

शिवाय घटले आहेत ते शिकारी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला परवाने १३ लाखांच्या आसपास होते, आता ९ लाखांच्या खाली. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'हरीण दिसत नाही' याचं हेही एक कारण आहे. पूर्वी पहाटे प्रत्येक दांडावर एक नारिंगी टोपी असायची. नऊ वाजता एकाला थंडी वाजायची, तो उठायचा, आणि त्यानं उठवलेलं हरीण दुसऱ्याच्या पुढ्यात. फुकटचा हाकारा. आता तुम्ही दोघं एका दांडावर, बाकी डोंगर रिकामा. हरीण झुडपात बसलंय ते बसलंय. त्याला कोण उठवणार?

त्यात २०१९ पासून मोसमाची सुरुवात सोमवारऐवजी शनिवारी झाली. नोकरदारांची सोय झाली, शुक्रवारी रात्री येऊन रविवारी परत. पण शनिवार-रविवार कॅम्पवर जमून सोमवारी पहाटे एकत्र निघण्याची जी रीत होती ती मोडली. जुन्या लोकांचा यावर राग आहे, आणि तो मला हरणांच्या आकड्यापेक्षा जास्त खरा वाटतो.

जाता जाता: मारलेलं हरीण दहा दिवसांत कळवायचं असतं. बरेच लोक कळवतच नाहीत, आणि तेच लोक खात्याचा अंदाज खोटा म्हणतात.

पिठलं_भाकरी

मी चेस्टर काउंटीतून. हे दुसरं टोक, ५सी विभाग. आमच्याकडे हरीण एवढं आहे की माझ्या शेजारणीनं फुलझाडं लावायची सोडली. पण सरकारी जमीन चिमूटभर, आणि तिथे शनिवारी पार्किंगलाच जागा नसते. मी क्रॉसबो (बंदुकीसारखा धरून बाण सोडायचं धनुष्य) वापरते, ऑक्टोबरपासून.

तुम्हाला भाड्यानं शेत नको, बरोबर. पण परवानगी मागणं म्हणजे भाडं नव्हे. गेम कमिशनच्या हंटर अॅक्सेस योजनेत आलेल्या खासगी जमिनी नकाशावर असतात, तिथे पैसे पडत नाहीत. तरी जमीनमालकाला आधी भेटून यावं. मी पहिल्यांदा एका शेतकऱ्याकडे गेले तेव्हा चकल्यांचा डबा घेऊन गेले होते. त्यानं आधी चकली उलटसुलट करून बघितली, मग मला. 'तू मारणार?' म्हणाला. आता नोव्हेंबर लागला की तोच फोन करतो आणि चकलीची आठवण देतो.

आजोबांना कोवळ्या ऊन्हाच्या दिवशी इथे एकदा घेऊन या. हरीण दिसलं की माणूस निवळतो.

नवा_गडी

मधे विचारतो, माफ करा. मी एच-१बी वर आहे. मला हे करता येतं का?

पिठलं_भाकरी

@नवा_गडी, संघराज्याच्या कायद्यानं तात्पुरत्या व्हिसावाल्याला बंदूक बाळगायला मनाई आहे, पण वैध शिकार परवाना असेल तर त्यात अपवाद आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी शिकार प्रशिक्षणाचा कोर्स (पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला सक्तीचाच), मग परवाना, मग बाकीचं. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक घरात राहिली असं होऊ देऊ नका. माझं ऐकून दुकानात जाऊ नका, आधी वकिलाला विचारा. किंवा माझ्यासारखं बाणावर या, हा घोळच नाही.

जागल्या_यवतमाळ

धागा वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. माझे बाबा ६९ वर्षांचे आहेत. हरभरा आणि तूर असेपर्यंत रोज रात्री मचाणावर जागलीला जातात. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. एक कळप शिरला की पहाटेपर्यंत अर्धा एकर साफ. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा, आणि मग वाट बघायची. तिकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद, आणि ती बंद आहे हे बरंच आहे असं मी तरी मानतो. पण इकडे हरीण वाढलं तर परवाना विकून खातं पैसे मिळवतं, तिकडे वाढलं तर बिल शेतकऱ्याच्या नावावर.

बाबांना फोनवर सांगितलं की इकडे एक जण पैसे भरून हरीण शोधतोय. म्हणाले, पत्ता दे, आपली पाठवतो.

पानगळ

:) पैशांचं खरं आहे. गेम कमिशनला राज्याच्या सर्वसाधारण करातून पैसा मिळत नाही. परवाने, त्यांच्या जमिनीवरचं लाकूड आणि गॅस, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवर बसलेल्या करातला वाटा, यावर चालतं. म्हणून शिकारी घटले की त्यांनाही घाम फुटतो.

कुडाळचो_झील

सगळ्यांचे आभार. एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. कायोटींबद्दल (इथला कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचा प्राणी) कुणीच बोललं नाही? आमच्या कॅम्पवर ठाम मत आहे की विमा कंपन्यांनी गाड्यांना धडकणारी हरणं कमी करायला कायोटी आणून सोडले.

आकडेमोड

ती गोष्ट राज्यातल्या प्रत्येक कॅम्पवर आहे, आणि प्रत्येकाच्या मेव्हण्यानं ट्रक बघितलाय. कायोटी पाडसं खातात हे खरं. अस्वलंही खातात, जवळजवळ तितकीच. पण अस्वलावर कुणी चिडत नाही, कारण त्याचाही मोसम असतो.

भातुकली

मी शिकार करत नाही, नवरा करतो. एकच भर घालते. दरवर्षी क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या (हरणांचा जीवघेणा रोग) क्षेत्राचा नकाशा बघा, तो बदलत असतो. क्षेत्रातून डोकं आणि मणका बाहेर नेता येत नाही, आणि डोकं तपासणीला टाकायला पेट्या ठेवलेल्या असतात. माणसाला झाल्याचं उदाहरण नाही, पण रोगट निघालेलं खाऊ नये असं सांगतात. आमच्याकडे अहवाल येईपर्यंत पाकिटं फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात, वर चिठ्ठी लावून. आणि घरात खाणारं एकच माणूस असेल तर 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट'ला द्या, १९९१ पासून ते लोक मांस अन्नछत्रांना पोचवतात.

कुडाळचो_झील (मार्चअखेर)

जाऊन आलो, म्हणून धागा वर काढतोय.

नकाशात कॅम्पपासून ओहोळापलीकडे तोडीचा एक पट्टा सापडला. सरळ रेषेत जेमतेम दीड किलोमीटर. इतकी वर्षं आम्ही ओहोळाच्या अलीकडेच बसत होतो, कारण आजोबांचे वडील तिथे बसायचे. पट्ट्यात झाडोरा माझ्या खांद्याएवढा आहे, ब्लॅकबेरीचे काटे पँटभर. कडेनं लेंड्याच लेंड्या, आणि मनगटाएवढ्या जाडीच्या चार खोडांची साल घासून काढलेली. हरीण दिसलं नाही. पण वाट इतकी मळलेली होती की आमच्या गावच्या पाणंदीची आठवण आली.

आजोबांना तिथवर चालवणं शक्य नाही. पण पट्ट्याच्या डोक्याशी फाटक असलेला वनरस्ता आहे आणि तो मोसमात उघडणाऱ्यांच्या यादीत आहे. मी फोटो दाखवले. बराच वेळ बघून म्हणाले, 'ही तोड मला कुणी सांगितली नाही.' मग म्हणाले, 'खुर्ची ती हिरवी घे, दुसरी करकरते.' याला मी होकार समजतोय.

खातं मात्र अजून चोरच आहे. ते शेगडीपुढे चालूच राहणार.

आता एक व्यवहाराचं. मादीचे परवाने पूर्वी गुलाबी पाकिटातून काउंटी ट्रेझररकडे जायचे, आजोबांचं सगळं पाकिटावर चालायचं. २०२३ पासून ऑनलाइन किंवा दुकानातून, जूनच्या चौथ्या सोमवारी सकाळी आठला. ऑनलाइनची रांग लांब लागते. २जी चा कोटा पहिल्या दिवशीच संपतो का, की दुपारी ऑफिसातून घेतला तरी चालेल? आणि दुकानातून कुणी घेतलाय का? आजोबांना रांगेत उभं राहायचंय, म्हणतात तिथे निदान माणसं भेटतात.

पानगळ

दुपारपर्यंत थांबू नका. दुकानात जा, त्यांना घेऊन. थर्मास न्या.