कृष्णा रेड्डी परदेशात राहिले, यात आपलं नुकसान झालं की नाही?

मांडवीकाठ:
मुद्राचित्रणाचा, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून चित्रं छापायच्या कलेचा विषय निघाला की आपल्याकडे एकच सूर, कृष्णा रेड्डींसारखा एवढा मोठा छापचित्रकार देश सोडून गेला, आपलं नुकसान झालं. मला नाही पटत. चित्तूरकडच्या खेड्यातला मुलगा, शांतिनिकेतन, मग लंडनचं स्लेड हे कलाविद्यालय, मग पॅरिसला हेटर या छापचित्रकाराचा स्टुडिओ आतल्ये 17, आणि 1976 पासून न्यूयॉर्क. पॅरिसला जगभरचे लोक एका प्रेसभोवती राबत होते म्हणून व्हिस्कॉसिटीची, म्हणजे एकाच प्लेटवरून अनेक रंग छापायची पद्धत निघाली, घरी बसून नसती निघाली.

रोलरवाली:
ज्यांना ती पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. झिंकच्या एकाच प्लेटवर उंच-खोल थर कोरायचे, शायांत जवसाचं तेल कमीजास्त घालायचं, मग कडक रोलर फक्त वरच्या भागाला तेलकट शाई लावतो, मऊ रोलर घट्ट शाई घेऊन खालपर्यंत पोचतो आणि घट्ट शाई तेलकटवर बसतच नाही. सगळे रंग एका दाबात कागदावर! रेड्डींना शिल्पकलेचं शिक्षण होतं, ते प्लेटवर दिसतं, 1963 चं 'व्हर्लपूल' बघाच. आणि पॅरिसला सोबत कायको मोती होते, तेही भारतातलेच, मुंबईचे.

म्हापसेकर:
बघा, म्हणजे हात आपलेच आणि फायदा तिकडे. त्याच पॅरिसात त्याच काळात आपले मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै होते, 1951 ते 61. ते परत आले, 1977 ते 87 गोवा कॉलेज ऑफ आर्टचे प्रिन्सिपल झाले. समोर रोज दिसणारा माणूस वेगळाच असतो हो. न्यूयॉर्कला बसलेला मोठा कलावंत काणकोणच्या पोराला कधी भेटणार?

मांडवीकाठ:
म्हापसेकर बाब, पैंबद्दल आदरच आहे, पण ते मुख्यतः चित्रकार, ब्रश कुठेही नेता येतो. छापचित्राला प्रेस लागतो, प्लेट कोरायला अ‍ॅसिड लागतं, शेजारी काम करणारी माणसं लागतात. आणि रेड्डी इकडे येऊन वर्कशॉप घ्यायचे, पद्धत लपवून नाही ठेवली त्यांनी.

म्हापसेकर:
प्रेस आणता येत नाही हे गोव्यात तरी बोलू नका. 1556 मध्ये इथिओपियाला निघालेला छापखाना जुन्या गोव्यातच राहिला, सेंट पॉल कॉलेजात, भारतातला पहिला. वर्कशॉप चांगलीच, पण चार दिवसांनी पाहुणा जातो आणि पोरं पुन्हा एकटी.

रोलरवाली:
एकटी पडतात हे खरंय, मी बघते ते. पण 1968 चं 'डेमॉन्स्ट्रेटर्स' पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या उठावातून आलं, ते तिथे नसते तर ते चित्रच नसतं.

म्हापसेकर:
नसतं, मान्य. पण जानेवारी 1967 मध्ये, गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यावरच्या ओपिनियन पोलला अख्खा गोवा ढवळून निघाला होता, भाऊ-भाऊ दोन बाजूंना. ते कोरायला प्लेट घेऊन इथे बसलेला माणूस हवा होता, मी एवढंच म्हणतोय.