विमानात तब्येत बिघडली तर नक्की काय करतात?

घोडबंदरवाली: पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन अमेरिकेला चाललोय. वय ७२, बीपी शुगर दोन्ही, गेल्या वर्षी स्टेंट टाकलाय. पाचपाखाडीचे आमचे डॉक्टर म्हणतात बिनधास्त जा, पण त्या घाबरल्यात आणि खरं सांगू तर मी पण. मध्ये समुद्रावर काही झालं तर? विमानात डॉक्टर असतो का, आणि विमान लगेच उतरवतात का?

नेरुळची डॉक: पगारी डॉक्टर नसतो ताई. क्रूला फर्स्ट एड आणि सीपीआर येतं, मग प्रवाशांत कोणी डॉक्टर आहे का अशी अनाउन्समेंट होते. मी एकदा उठले होते, टॉयलेटच्या रांगेत एक काका कोसळले आणि आजूबाजूचे हार्ट अटॅक हार्ट अटॅक म्हणून ओरडायला लागले. नुसती चक्कर निघाली! पॅसेजमध्ये आडवं केलं, पाय वर धरले, थोड्या वेळात काका चहा मागत होते. बीपी घेताना स्टेथोस्कोपमधून इंजिनाच्या घरघरीशिवाय काही ऐकू येईना, शेवटी नाडीवर बोट ठेवून वरचा आकडा काढला. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात साधारण ६०० फ्लाइटमागे १ केस होती, त्यातल्या ३७ टक्के चक्करच्या, विमान वळवलं फक्त ७ टक्के केसेसमध्ये. केबिनमधली हवा ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ असते, त्यात पाणी कमी पितात लोक, म्हणून चक्कर येते.

ऐरोलीकर (माजी क्रू): वळवायचं की नाही ते कॅप्टन ठरवतो, डॉक्टर सल्ला देतो. बऱ्याच एअरलाइन्स जमिनीवरच्या डॉक्टरांनाही विचारतात. हवामान, रनवे, जवळ धड हॉस्पिटल आहे का हे सगळं बघावं लागतं, आणि टेकऑफनंतर लगेच असेल तर टाक्या भरलेल्या, विमान उतरवताना चालतं त्या वजनापेक्षा जड असतं. बाकी गोळ्या चेक-इन बॅगेत टाकणाऱ्यांचं मला आजही डोकं फिरतं. गोळ्या, इन्सुलिन, जुना ईसीजी, सगळं हातातल्या पर्समध्ये. छातीत जरा जरी दुखलं तर लगेच बटण दाबायचं, "गॅस असेल" म्हणत बसायचं नाही.

घोडबंदरवाली: थँक्यू दोघांनाही 🙏 तो मेडिफ फॉर्म (डॉक्टरकडून भरून एअरलाइनला द्यायचा तब्येतीचा फॉर्म) लागेल का?

नेरुळची डॉक: तब्येत स्थिर असेल तर सहसा नाही. नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा प्रवासात ऑक्सिजन लागणार असेल तर लागतो. तरी एअरलाइनला आत्ताच मेल टाका, आदल्या दिवशी नको. व्हीलचेअर पण बुक करा, एअरपोर्टवर चालूनच त्या दमतील.