घरच्या लेथसाठी थ्री फेज कनेक्शन घ्यावं की व्हीएफडीवर भागवावं?

जुनालेथ
कारखाने सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) गेले की जुने साडेचार-पाच फुटी लेथ भंगाराच्या भावात निघतात आणि आपल्यासारखे हौशी ते उचलून घरी आणतात. मोटर 415 व्होल्ट थ्री फेजची, घरात 230 चा सिंगल फेज. पुढे काय, यावर दर वेळी तेच भांडण. माझं मत स्पष्ट आहे: मशीन एकच आणि मोटर 3 एचपीपर्यंत असेल तर व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे हर्ट्झ, बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावा, नव्या कनेक्शनच्या फंदात पडू नका.

आपल्याकडे 3 एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) असतात. टर्मिनल बॉक्स उघडा. सहा बोल्ट दिसतील, त्यांतल्या एका ओळीतले तीन पितळी पट्ट्यांनी एकत्र बांधलेले. त्या पट्ट्या काढून समोरासमोरच्या बोल्टांवर उभ्या लावल्या की झाला डेल्टा, म्हणजे वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली. प्रत्येक वाइंडिंगला आधीही 240 च मिळत होते. व्हीएफडी सिंगल फेज 230 घेतो आणि थ्री फेज 230 देतो, म्हणजे हिशोब जुळला. वर स्पीड हवा तसा, आणि स्टार्ट करताना घरातले दिवे मिचमिचत नाहीत.

वायरमन_सांगली
"सहा बोल्ट दिसतील" हे कुणी सांगितलं? जुन्या मोटरींत निम्म्या वेळा तीनच वायरी बाहेर असतात. स्टारची गाठ आत, वाइंडिंगच्या टोकाला, वॉर्निशखाली दडलेली. ती शोधून तीन नवी टोकं बाहेर काढायची म्हणजे वाइंडरचं काम, आणि जुनी स्लीव्ह हात लावताच भुगा होते. मग वाइंडर म्हणणार, पूर्णच रिवाइंड करू. तो खर्चही व्हीएफडीत धरा.

थेट_डीपीवरून
माझा या जुगाडालाच विरोध आहे. घरगुती थ्री फेज रीतसर मिळतो. अर्ज करा, मीटर बदलून घ्या, डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) लावा, विषय संपला. आज लेथ आहे, उद्या ड्रिल येईल, परवा ग्राइंडर. प्रत्येकाला वेगळा व्हीएफडी घेत बसणार का? कूलंट (कापताना जॉब थंड ठेवणारं द्रव) पंपाची मोटरही थ्री फेजच असते, ते कुणी बोलत नाही. आणि पॅनेलमधल्या कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचच्या) 415 च्या कॉइल 230 वर ओढणार नाहीत.

जुनालेथ
कॉन्टॅक्टर लागतोच कशाला? व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये कुठलाच स्विच ठेवायचा नसतो, चालू लोडवर मध्येच तुटलं तर ड्राइव्हच जायचा. मशीनच्या फॉरवर्ड-रिव्हर्स दांड्याच्या बारीक वायरी व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला न्या. कूलंटला सिंगल फेजचा छोटा पंप बसवा. छंदाच्या कामात तर बाटली आणि ब्रशवरही निभावतं.
थ्री फेज घेतला की स्थिर आकार दर महिन्याला वाढतो, लेथ चालो वा न चालो. माझा रविवारी चालतो, तोही सासरची मंडळी आली नसतील तर.

मिलिंगमास्तर
स्थिर आकारापेक्षा वापराचा प्रकार बघा. शेजाऱ्याच्या पंपाची शाफ्ट पैसे घेऊन टर्न करून दिली की तो छंद राहिला नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरला तर दुप्पट दराने आकारणी होते, आणि कधीपासून ते कळलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. फेज एक असो वा तीन, हे दोघांनाही लागू आहे. व्हीएफडी लावला म्हणजे कुणाला कळत नाही, अशा भ्रमात राहू नका.

बॅकगियर
दोघंही उगाच वाढवताय. 2 एचपीची सिंगल फेज कपॅसिटर मोटर आणा, पुली बदला, काम सुरू. गावाकडे दोन फेजवर कपॅसिटर लावून पंप चालवतातच की.

वायरमन_सांगली
चालवतात, आणि मोटरी जाळतातही! त्या जुगाडात पूर्ण ताकद मिळत नाही आणि एक वाइंडिंग जास्त तापतं. पंपाला चाललं तरी लेथवर कट खोल घेतला की कळेल. सिंगल फेज मोटरचा टॉर्क सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो, त्याची थरथर फेसिंग केलेल्या (तोंड सपाट कापलेल्या) जॉबवर उमटू शकते. चालत्या मोटरला लगेच उलटं फिरवताही येत नाही. थ्रेडिंगला (आटे पाडताना) हे नको.

थ्री फेजवाल्यांसाठीही एक सांगतो. लाइनवर काम झाल्यावर कधी दोन फेज अदलाबदल होऊन येतात, मग मोटर उलटी फिरते. चक (जॉब पकडणारा भाग) स्पिंडलला आट्यांवर बसवलेला असेल तर झटक्याने उलटा सुरू होताना तो ढिला होऊन बाहेर येऊ शकतो. फेज सीक्वेन्स रिले (फेजचा क्रम चुकला की मोटर सुरू होऊ न देणारा) लावा. व्हीएफडीत ब्रेकिंगचा वेळ फार कमी ठेवला तरी हीच भीती.

थेट_डीपीवरून
चला, माझ्या बाजूनं निदान रिलेपुरतं तरी कुणी बोललं. स्लो स्पीडचं काय? 10 हर्ट्झवर मोटरचा पंखाही मंदावतो. अर्धा तास मोठा ड्रिल घाला, मग मोटरच्या बॉडीवर हात ठेवून बघा, किती तापलीय ते.

जुनालेथ
10 हर्ट्झवर चालवायचं कुणी सांगितलं? पट्टा आणि बॅकगियर (स्पिंडलचा वेग कमी करणारे गियर) काढून टाकायचे नसतात. मोठा स्पीड बदल पट्ट्यावर, बारीक फरक व्हीएफडीवर. 25 ते 60 हर्ट्झमध्ये माझं सगळं काम होतं.

नवाभिडू
माझ्याकडे 5 एचपीची मिलिंग येतेय, घरात सिंगल फेज. टर्मिनल बॉक्समध्ये सहा बोल्ट आहेत, म्हणजे जमेल ना?

वायरमन_सांगली
आधी मोटरची पाटी वाचा. 5 एचपीच्या मोटरी सहसा 415 डेल्टाच्या असतात, सहा बोल्ट स्टार-डेल्टा स्टार्टरसाठी (सुरू होताना स्टार, मग डेल्टा). तिथे पट्ट्या बदलून काही मिळत नाही, ती आधीच डेल्टा आहे आणि तिला 415 च हवेत. 230 घेऊन 415 देणारे ड्राइव्ह मिळतात, पण तेवढ्या एचपीला इनपुटचा करंट इतका चढतो की मीटर आणि सर्व्हिस वायरपासून सगळं तपासावं लागेल. तुम्ही थ्री फेजचाच अर्ज करा, आणि मंजूर भार लिहिताना मिलिंगच्या कूलंट पंपाची मोटरही धरा.