मदत हवी आहे: पाच घरं, एकच पेल एल. पाकृत काय घट्ट धरायचं आणि काय सोडायचं?

फेसबहाद्दर:

मंडळी, जरा डोकं लावा.

आम्ही पाच जण घरी बिअर करतो, पाचही वेगवेगळ्या गावांत. सगळ्यांनी एकाच पाकृने एल (बिअरचा एक प्रकार) करायची, बाटल्यांची अदलाबदल करायची आणि कोणाच्या हातची कशी लागते ते बघायचं, असा बेत आहे. मतदान होऊन पेल एल ठरली. (स्टाउट एका मताने पडली. ते दुःख वेगळं.)

पाकृ अशी. फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) २० लिटर, एफिशियन्सी (धान्यातल्या साखरेपैकी हाती येणारा वाटा) ७०% धरली आहे.

मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य: पेल मॉल्ट ४.१ किलो, म्युनिक ४०० ग्रॅम, क्रिस्टल-६० २५० ग्रॅम. ६६ अंशांवर तासभर मॅश (भरडलेलं मॉल्ट गरम पाण्यात मुरवणं).
उकळी एक तास. हॉप्स: सुरुवातीलाच मॅग्नम (अल्फा, म्हणजे कडवटपणा देणारं आम्ल, १२%) २० ग्रॅम, शेवटची १० मिनिटं उरली की कॅस्केड (६%) ३० ग्रॅम, आच बंद केल्यावर आणखी ३० ग्रॅम.
यीस्ट यूएस-०५, १८-१९ अंश.
ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०५०, एफजी (आंबून झाल्यावरची) १.०११ च्या आसपास, कडवटपणा ३५ आयबीयू.

इथवर सगळे खूश. मग सुरू झालं "मी फक्त एवढंच बदलतो". एक जण पिशवीत मॅश करतो, त्याची एफिशियन्सी ६०. दुसरा छातीठोकपणे ८० सांगतो. तिसऱ्याकडे मॅशची सोय नाही, तो एक्स्ट्रॅक्ट (मॉल्टचा तयार अर्क) वापरणार. चौथ्याच्या खोलीत २७ अंश तापमान असतं. पाचवा मी, माझं पाणी जड. शिवाय एकाला कॅस्केडच्या जागी सिट्रा टाकायचाय, कारण "पडून आहे".

यातले कुठले बदल चालवून घ्यावेत? आणि कुठल्या बदलानंतर ती आमची सामायिक एल राहणारच नाही?

चोथेश्वर:

ग्रॅम सामायिक ठेवू नका, आकडे सामायिक ठेवा. ओजी १.०५० आणि ३५ आयबीयू हे गाठायचंय, मग कोणाला किती किलो लागतात ते ज्याचं त्याने बघावं.

फक्त एक पथ्य पाळा. एफिशियन्सीची तूट पेल मॉल्टनेच भरून काढायची. म्युनिक आणि क्रिस्टल सगळ्यांचं वजनाने सारखंच. बरीच सॉफ्टवेअरं अख्खी पाकृ एका पटीत वाढवतात, मग ६० टक्केवाल्याच्या पातेल्यात क्रिस्टलही वाढतं आणि त्याची एल उगाच गोडसर, तांबूस होते. माझ्या हिशोबाने ६० वाल्याला पेल मॉल्ट सुमारे ४.८ किलो लागेल, ८० वाल्याला ३.५.

आता त्या ८० वाल्याला विचारा, कुठली ८०? मॅशमधून किती साखर निघाली ती, की शेवटी फर्मेंटरमध्ये किती पोचली ती? पातेल्याच्या तळाशी गाळ आणि हॉप्सच्या लगद्यात तीन लिटर वॉर्ट (न आंबलेला गोड रस) सोडून देणारे लोकही मॅशचाच आकडा सांगतात. ऐकायला बरा वाटतो ना. पाकृत फर्मेंटरमधले २० लिटर धरलेत, तेव्हा दुसरा आकडा हवा.

पिशवीवाल्याने आधी भरड तपासावी. साल बऱ्यापैकी अखंड आणि आतला दाणा चार-पाच तुकड्यांत फुटलेला हवा. चिमटीत घेतल्यावर अख्खे दाणे सापडले तर ६० चं कारण तिथेच आहे. पिशवीत गाळणं तुंबायची भीती नसते, त्यामुळे त्याने बिनधास्त बारीक भरडावं.

मंद_आच:

चोथेश्वर यांना +१.

हॉप्सचंही तसंच. मॅग्नम फक्त कडवटपणासाठी आहे, तासभर उकळल्यावर त्याचा स्वतःचा वास फारसा उरत नाही. तिथे अदलाबदल खुशाल करा, फक्त ग्रॅम गुणिले अल्फा हा गुणाकार जुळवा. २० × १२ म्हणजे २४०. कोणाकडे १५ टक्क्यांचा कोलंबस असेल तर १६ ग्रॅम पुरे. पाकिटावर छापलेली टक्केवारी बघूनच हिशोब करा, दर हंगामाला ती बदलते.

शेवटच्या हॉप्सना मात्र हात लावू देऊ नका. कॅस्केड १९७२ मध्ये आला, आणि अमेरिकन पेल एल म्हटल्यावर आपल्याला जो ग्रेपफ्रूटचा वास आठवतो तो बराचसा त्याचा. सिट्रा उत्तम हॉप आहे, पण तो घातलात की बाटली कोणाची हे डोळे मिटून ओळखता येईल आणि तुलनेची मजाच जाईल. पडून आहे तर पडू द्या.

बुडबुडा:

तुमच्या बेतात यीस्ट हा कळीचा मुद्दा आहे आणि त्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीय! बाकी सगळं जुळवून चौघांनी १८ ला आंबवलं आणि एकाने २७ ला, तर त्या एकाच्या बाटलीत फळांचा आणि उग्र दारूचा वास येईल.

दोन वाटा आहेत. एक, चौथ्याने फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवावा, वर ओला टॉवेल गुंडाळावा आणि टबात सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या टाकाव्यात. पहिले तीन-चार दिवस सांभाळले की झालं, नंतर तापमान थोडं चढलं तरी बिघडत नाही. आणि तापमान खोलीचं नाही, फर्मेंटरचं बघा. जोरात आंबताना वॉर्ट खोलीपेक्षा तीन-चार अंश गरम असू शकतं.

दुसरी वाट, पाचही जणांनी क्वाइक (गरमीत आंबणारं नॉर्वेचं यीस्ट) घ्यावं. वॉस जातीचं ३५ अंशांनाही स्वच्छ आंबतं आणि त्याचा संत्र्यासारखा वास कॅस्केडशी छान जमतो. वॉर्ट फार दाट नाही, म्हणून सोबत यीस्ट न्यूट्रियंट घाला.

मंद_आच:

क्वाइकला माझा विरोध. एकाची अडचण सुटावी म्हणून चौघांनी फर्मेंटर ३५ ला तापवत बसायचं का? टबवाली वाट धरा.

बुडबुडा:

मान्य, पण चौथे गृहस्थ सकाळ-संध्याकाळ बर्फ बदलतील का, हे आधी त्यांना विचारा. नंतर टॉवेल वाळलेला सापडतो.

चोथेश्वर:

एक्स्ट्रॅक्टवाले राहिले. पेल मॉल्टच्या जागी हलक्या रंगाचं कोरडं एक्स्ट्रॅक्ट २.३ ते २.४ किलो. क्रिस्टल नुसतं गरम पाण्यात भिजवून भागतं, म्युनिकचं तसं नाही. त्यातल्या स्टार्चची साखर व्हावी लागते, नाहीतर एल गढूळ होते. पण ४०० ग्रॅम म्युनिकसाठी मॅश टन (मॅश करायचं भांडं) लागत नाही. दीड-दोन लिटर पाणी, कापडी पिशवी, ६६ अंश, झाकण ठेवून तासभर. फिकट म्युनिकमध्ये स्वतःपुरते एन्झाइम असतात. क्रिस्टलही त्याच पिशवीत टाका. एफजी एक-दोन अंकांनी वर थांबलं तर घाबरू नका, एक्स्ट्रॅक्टमध्ये मॅशचं तापमान आपल्या हातात नसतं.

फेसबहाद्दर:

वा, एवढ्या लवकर एवढं! धन्यवाद. चौथ्याला विचारलं, टब आणि बर्फ कबूल आहे, त्यामुळे यूएस-०५ कायम. सिट्रावाला रुसलाय. ८० वाल्याने परत मोजलं, ती मॅशचीच निघाली. खरी ७१.

पाण्याचं कोणीच बोललं नाही. माझ्या पाण्याची अल्कलिनिटी (क्षारता) २५० पीपीएमच्या पुढे आहे. सगळ्यांनी आरओ पाण्यात एकसारखे क्षार घालायचे का? आणि सिट्रावाला आता म्हणतोय, निदान ड्राय हॉप (न उकळता फर्मेंटरमध्येच हॉप्स घालणं) तरी करू द्या.

मंद_आच:

पाचही जणांचं पाणी एकसारखं करायला जाल तर हा बेत पुढच्या वर्षीही सुरू होणार नाही. तेवढा फरक राहू द्या, पण तुमचं पाणी आहे तसं चालणार नाही. एवढ्या फिकट मॉल्टला तेवढी अल्कलिनिटी झेपत नाही, मॅशचा पीएच वर जातो आणि सालीतला तुरटपणा उतरतो. अर्धं आरओ मिसळा, मॅश सुरू करून दहा मिनिटांनी थोडं वॉर्ट थंड करून पीएच बघा. ५.२ ते ५.६ मध्ये हवा. वर असेल तर लॅक्टिक अॅसिड थेंबाथेंबाने.

नळाचं पाणी वापरणाऱ्या प्रत्येकाने ३० लिटरला अर्धी कॅम्पडेन गोळी चुरून टाकावी. क्लोरीन राहिलं तर एलला मलमपट्टीसारखा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही.

बुडबुडा:

ड्राय हॉप एक तर सगळ्यांनी करा, नाहीतर कोणीच नको. मी नकोच म्हणेन, आणि कारण वासाचं नाही. हॉप्समध्येही थोडे एन्झाइम असतात. ते उरलेल्या डेक्स्ट्रिनचे (यीस्टला न पचणाऱ्या साखरेचे) तुकडे करतात आणि थांबलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. अशात घाईने बाटल्या भरून कुरियरने पाठवल्या तर पेटीतच फुटतील.

ड्राय हॉप नसला तरी दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) लावा. आकडा हलला नाही तरच भरा. साखर लिटरला ६ ग्रॅम, सगळ्यांची सारखी. एकाची फसफसणारी आणि दुसऱ्याची मिळमिळीत असली की लोक गॅसलाच मार्क देऊन मोकळे होतात.

फेसबहाद्दर:

ठरलं, ड्राय हॉप नाही. सिट्रावाल्याला पुढच्या पाकृचा पहिला प्रस्ताव मांडायचा हक्क दिलाय, तेवढ्यावर गडी मानला. आता शेवटचं, बाटल्या भरल्यावर चाखायची तारीख किती पुढची ठेवू?

चोथेश्वर:

२० अंशांच्या आसपास दोन आठवडे, मग आठवडाभर फ्रीजमध्ये उभ्या. त्यापेक्षा फार लांबवू नका, कॅस्केडचा वास आधी उडतो. आणि चाखायच्या बाटल्यांवर नाव नको, नुसते अंक घाला. ते कोणाचे हे माहीत असलेल्या माणसाने त्या दिवशी मार्क द्यायचे नाहीत.