मदत हवी आहे: अंध खेळाडूंच्या क्रिकेट गेममध्ये चेंडू 'समोरून' कसा ऐकवायचा?

नमस्कार मंडळी,

माझा मावसभाऊ जन्मापासून अंध आहे आणि अंधांचं क्रिकेट जीव लावून खेळतो. त्याच्यासाठी रविवारी बसून युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) फोनवरचा गेम करतोय. पडद्यावर काही नाही, सगळा खेळ हेडफोनवर.

हे क्रिकेट पाहिलं नसेल तर थोडक्यात सांगतो. चेंडू कडक प्लॅस्टिकचा, आत छर्रे, त्यामुळे खुळखुळत येतो. गोलंदाजी खांद्याखालून. गोलंदाज 'रेडी?' विचारतो, फलंदाज 'येस' म्हणाला की 'प्ले' म्हणत चेंडू सोडतो. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात. हे सगळं गेममध्ये आलंय. 'प्ले' माझ्याच आवाजात आहे, त्यावरून भाऊ अजून हसतो.

घोडं अडलंय ते पुढे. ऑफ-लेग बरोबर कळतं, ते डाव्या-उजव्या कानाचं काम. पण समोरचा चेंडू समोर वाटतच नाही. "दादा, हा डोक्याच्या आत वाजतोय," म्हणाला. एचआरटीएफचं, म्हणजे आवाज कुठल्या दिशेने येतोय याचा हेडफोनवर भास करून देणारं, प्लगइन लावलं, तर मला समोर आणि त्याला चक्क पाठीमागे!

शिवाय टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) चालू असला की फटक्याचा स्वाइप गेमपर्यंत पोचत नाही, बंद केला तर मेनू कोण वाचणार? 'टॉकबॅक बंद करून खेळ' असं त्याला सांगायची लाज वाटते.

प्रतिसाद:
ती प्लगइनं ठरावीक कानांच्या मापांवर बेतलेली असतात, प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी. म्हणून पुढे-मागेचा घोळ होतो. पण तुमच्या खेळात चेंडू मागून येतोच कुठे? दिशेचा नाद सोडा, अंतर ऐकवा. खुळखुळ लांब असताना बारीक आणि दबकी, जवळ येताना मोठी आणि खणखणीत. टप्पे ठसठशीत ठेवा, दोन टप्प्यांमधल्या वेळावरून वेग कळतो. आणि ब्लूटूथ हेडफोन असेल तर आधी वायरचा लावून बघा, आवाज उशिरा पोचला की टायमिंग गेलंच.

मेनूसाठी युनिटी 6 मध्ये स्क्रीन रीडरची सोय आहे. फटका स्वाइपने नको, फोनच बॅटसारखा फिरवू द्या. टॉकबॅक त्यात लुडबुड करत नाही.

धागाकर्ता:
हेडफोन ब्लूटूथचाच होता! वायरचा लावल्यावर पहिल्याच षटकात तीन चेंडू बॅटवर आले. फोन फिरवायचंही रात्री जमवलं, पण आता नाक खाजवलं तरी षटकार जातोय. फोन किती जोरात फिरला की फटका धरायचा, हा उंबरठा किती ठेवायचा, कुणी केलंय का?