टँपा बे रेज: छप्पर उडालं, ८५ सामने गेले, मालक बदलला. दोष नक्की कशाला द्यायचा?

बुरोंडीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या शालेय बेसबॉलच्या मुलांना येत्या सरावात एक तास फळ्यासमोर बसवायचं आहे, आणि उदाहरण घ्यायचं आहे अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधल्या टँपा बे रेज या संघाचं. मुलांना हा संघ आपला वाटतो, त्याला कारण आहे. ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन चक्रीवादळाने फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्डचं कापडी छप्पर फाडून टाकलं. निसर्ग वादळात ज्यांच्या घराचे पत्रे उडाले, त्यांना तो फोटो समजावून सांगावा लागत नाही.

२०१९ ते २०२३ सलग पाच वर्षं बादफेरी गाठणारा हा संघ २०२४ ला ८०-८२ (८० विजय, ८२ पराभव) वर आणि २०२५ ला ७७-८५ वर थांबला. २८ सप्टेंबरला हंगाम संपला, ३० सप्टेंबरला मालकीचा व्यवहार पुरा झाला. स्टुअर्ट स्टर्नबर्ग गेले, पॅट्रिक झालुप्स्की यांचा गट आला. पुढे डिसेंबरात फलंदाज ब्रँडन लो पायरेट्स संघाकडे आणि पिचर (चेंडू फेकणारा) शेन बाझ ओरिओल्स संघाकडे गेला.

मुलांचे प्रश्न तीन. हक्काचं मैदान नव्हतं म्हणून संघ हरला का? मालक बदलला की संघ सुधारतो का, आणि कितव्या वर्षी? आणि नवा मालक आल्याआल्या चांगले खेळाडू का देऊन टाकले? आकडे आणि कारणं दोन्ही हवीत. "मोठा क्लब आहे, करतील काहीतरी" अशा उत्तराने मुलांचं समाधान होत नाही.

पालशेत_किनारा

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. मैदानाचा परिणाम झाला, पण खरा फटका वेळापत्रकाने दिला.

रेज २०२५ मध्ये टँपाच्या स्टाइनब्रेनर फील्डवर खेळले. ते न्यूयॉर्क यँकीज संघाचं सराव शिबिराचं मैदान, क्षमता जेमतेम दहा हजार. उघडं मैदान, आणि फ्लोरिडात जून ते ऑगस्ट रोज दुपारनंतर ढग भरून येतात. पावसात सामने वाहून जाऊ नयेत म्हणून घरचे सामने पुढे ओढले. पहिल्या २२ पैकी १९ सामने घरी, पहिल्या ५९ पैकी ४७ घरी. एकूण घरचे सामने ८१ च असतात. म्हणजे उरलेल्या १०३ सामन्यांत घरचे फक्त ३४ आणि बाहेरचे ६९. जुलै-ऑगस्टमध्ये संघ बहुतेक काळ हॉटेलातच होता.

याचा त्रास सगळ्यात जास्त पिचरना होतो. पाच सुरुवातीच्या पिचरची पाळी पाच-सहा दिवसांनी फिरते. मधल्या दिवसांत एकदा हलका फेकसराव, व्यायाम, मालिश असं ठरलेलं असतं. प्रवासात ते विस्कटतं. मग सुरुवातीचा पिचर सहाव्या डावाऐवजी पाचव्यात दमतो आणि राखीव पिचरवर रोज एक डाव जास्त पडतो. आठवड्यात सहा सामने असतील तर हा हिशेब फार लवकर अंगावर येतो. त्यात पिचर शेन मॅक्लानाहन दुखापतीमुळे पूर्ण हंगाम बाहेर.

मैदानाचं मापही लक्षात घ्या. स्टाइनब्रेनरची उजवी बाजू ३१४ फुटांवर, कारण ते यँकी स्टेडियमच्या मापाने बांधलंय. ट्रॉपिकानात बंद छताखाली, थंड हवेत जो उंच चेंडू सहज झेलला जायचा, तो इथे कुंपणापलीकडे जातो. ही सोय दोन्ही संघांना सारखीच, पण ज्या संघाची सगळी रचना धावा रोखण्यावर उभी आहे त्याला ती महागात पडते. हुनियर कॅमिनेरोने ४५ होमरन मारूनही संघ पन्नास टक्क्यांखाली राहिला.

श्रीवर्धनची_पोफळ

छपराबद्दल थोडी भर. ते काचतंतूच्या कापडाचं, टेफ्लॉनचा लेप दिलेलं आणि तारांवर ताणलेलं होतं. असं कापड एका जागी फाटलं की वारा आत शिरतो, खालून उचलतो, मग शेजारचा पट्टा जातो. कौलारू घरात छपराच्या पाख्याचा एक कोपरा उघडला की पुढे काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण खरं नुकसान वादळानंतरच्या पावसाने केलं. आतली वीजजोडणी, ध्वनियंत्रणा, खुर्च्या, कृत्रिम हिरवळ, सगळं बंद इमारतीसाठी बनवलेलं होतं, ते महिनोन्महिने उघड्यावर राहिलं. ओल एकदा आत गेली की नुसतं छप्पर घालून भागत नाही.

इमारत शहराच्या मालकीची, त्यामुळे दुरुस्तीचा खर्चही शहराकडे आला. संघ २०२६ ला परत तिथेच जाणार असं ठरलं, आणि २०२५ चं वर्ष वाया गेलं म्हणून भाडेकरार २०२८ पर्यंत वाढला. इथेच जुन्या मालकाच्या जाण्याचं मूळ आहे. सेंट पीटर्सबर्गमध्ये १.३ अब्ज डॉलरचं नवं मैदान ठरलं होतं. वादळानंतर तारखा पुढे गेल्या, खर्च वाढला, तो कुणी उचलायचा यावर अडलं आणि मार्च २०२५ मध्ये स्टर्नबर्ग करारातून बाहेर पडले. त्यानंतर काही महिन्यांतच विक्रीची बोलणी उघड झाली. मुलांना हा क्रम फळ्यावर लिहून द्या: वादळ, मैदानाचा करार मोडला, विक्री. पराभवांमुळे विक्री झाली असा समज त्यांच्या मनात राहू देऊ नका.

कलमबाग_रत्नागिरी

दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत.

विकत घेणारा पैसे टाकतो आणि मालक होतो असं तिथे चालत नाही. तीस संघांपैकी तीन चतुर्थांश मालकांची संमती लागते, म्हणजे २३ मतं. गटात पैसेवाले कितीही असोत, लीगला उत्तरदायी एकच माणूस ठरवावा लागतो. रेजमध्ये ते झालुप्स्की, जॅक्सनव्हिलचे घरबांधणी व्यावसायिक. कारभार पाहणारे केन बॅबी यापूर्वी मायनर लीगचे (खालच्या स्तरावरचे) संघ चालवत होते. कर्जावरही बंधन आहे. संघाचं कर्ज त्याच्या वार्षिक परिचालन नफ्याच्या आठ पटींच्या आत ठेवावं लागतं, नवं मैदान बांधलं असेल तर बारा पटींपर्यंत सूट मिळते. मालकाने स्वतः काढलेलं कर्ज मात्र वेगळ्या वाटेने बोचतं. हप्ते भरायला तो संघाच्या पगारात हात घालतो.

किंमत बघा. २००५ च्या आसपास स्टर्नबर्ग यांनी हा संघ सुमारे २० कोटी डॉलरला घेतला आणि सुमारे १७० कोटींना विकला. ही वाढ मैदानावरच्या विजयांनी आलेली नाही. ती लीगच्या एकूण उत्पन्नातून आली. प्रत्येक संघाच्या स्थानिक निव्वळ उत्पन्नातले ४८ टक्के एकत्र करून तीस संघांत सारखे वाटतात. रेज या वाटपात घेणाऱ्यांच्या बाजूला आहेत. हे पैसे संघ सुधारण्यावरच खर्च व्हावेत असा नियम आहे, आणि २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने ज्या चार संघांविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार केली त्यांत रेज होते. म्हणून नव्या मालकाचा पहिला तपास तिथे करावा.

आता "कितव्या वर्षी" याचं उत्तर. आपल्याकडे आयपीएल बघून अंदाज चुकतो. तिथे मोठ्या लिलावात राखलेले मोजके खेळाडू सोडले तर अख्खा संघ रिकामा होतो, नवा मालक एक-दोन दिवसांत नवा संघ उभा करू शकतो. बेसबॉलमध्ये खेळाडूंचे करार जुने, तसेच नव्या मालकाकडे येतात, आणि ड्राफ्टमधून (शाळा-कॉलेजातल्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) घेतलेला मुलगा मायनर लीगच्या पायऱ्या चढून वर यायला तीन ते पाच वर्षं घेतो. निसर्गमध्ये पडलेल्या पोफळीच्या जागी लावलेलं रोप कधी धरतं, तसाच हा हिशेब.

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज घ्या. नोव्हेंबर २०११ मध्ये जिम क्रेन यांना मंजुरी मिळाली. अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) जायला तयार झाल्याबद्दल ६८ कोटींच्या किमतीत ७ कोटी डॉलर सूट होती. त्या वर्षी संघ ५६-१०६, पुढे ५५-१०७, मग ५१-१११. तीन हंगामांत ३२४ पराभव. २०१४ ला ७०-९२, २०१५ ला ८६-७६ आणि बादफेरी. त्या काळात केलं काय? खेळाडूंची निवड बघायला जेफ लूनाओ यांना आणलं, आणि २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कार्लोस कोरेयाला ठरलेल्या ७२ लाखांऐवजी ४८ लाख डॉलरवर राजी केलं. वाचलेला पैसा ४१ व्या जागी लान्स मॅकलर्सला दिला, नाहीतर तो कॉलेजला गेला असता. एका निवडीच्या पैशात दोन चांगले खेळाडू आले. याच संघाचं २०१७ चं अजिंक्यपद पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरण्याच्या प्रकरणाने डागाळलं, २०२० मध्ये लूनाओ आणि संघाचे व्यवस्थापक हिंच निलंबित झाले, दोन वर्षांच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीच्या निवडी गेल्या. मुलांना हेही सांगा.

याच्या उलट मायामी मार्लिन्स. ऑक्टोबर २०१७ मध्ये १२० कोटींना विक्री, डोक्यावर मोठं कर्ज. चार महिन्यांच्या आत स्टँटन, ओझुना, येलिच हे तिघेही मोठे फलंदाज गेले. स्टँटनचा करार अवाढव्य होता, तो देणं समजू शकतो. पण येलिच स्वस्त करारावर, ऐन उमेदीत होता. तो २०१८ लाच मिलवॉकीत सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि बदल्यात आलेल्या चौघांपैकी एकही टिकला नाही. ओझुनाच्या बदल्यात आलेला सँडी अल्कांतारा मात्र २०२२ ला साय यंग पुरस्काराचा (सर्वोत्तम पिचरचा) मानकरी झाला. २०१९ ला संघ ५७-१०५.

दोन्हीकडे मालक नवा, दोन्हीकडे पराभव. फरक करारावर घेतलेल्या बागेसारखा आहे. दोन-तीन हंगामांसाठी बाग घेणारा कल्टारचा (मोहोर आणणाऱ्या औषधाचा) डोस वाढवतो, मोहोर काढून घेतो, खताकडे आणि छाटणीकडे बघत नाही. पुढच्याच्या हाती दमलेली झाडं येतात. पहिल्या वर्षी आंबा किती निघाला यावरून बागायतदार ओळखू नये. पिचिंग प्रशिक्षक किती, मायनर लीगवर खर्च किती, परदेशात शोधणारी माणसं किती, हे बघावं. रेजमध्ये खेळाडूंची निवड आणि व्यवहार बघणारे एरिक नियांडर आणि व्यवस्थापक केव्हिन कॅश दोघांनाही जागेवर ठेवलं. माझ्या मते नव्या गटाने आतापर्यंत केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच आहे.

बुरोंडीकर

कलमबागदादा, करारावरच्या बागेचं उदाहरण मुलांना लगेच कळेल. पण मग लो आणि बाझ देणं हे कशात बसतं? मोहोर काढून घेणं की छाटणी?

देवगड_पहाट

ताई, हे कळायला सेवाकाळाचं गणित लागतं. १७२ दिवस मोठ्या संघात राहिलं की एक वर्ष. पहिली तीन वर्षं खेळाडू जवळपास किमान पगारावर, २०२५ ला तो ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं लवाद पगार ठरवतो. सहा पूर्ण झाली की तो मोकळा, कुठेही जाऊ शकतो.

लो २०२६ नंतर मोकळा होणार होता. त्याला ठेवला असता तर एक वर्षाचा खेळ मिळाला असता आणि मग हाती फारसं काही उरलं नसतं. बाझचं वेगळं. त्याच्याकडे अजून वर्षं शिल्लक होती, म्हणूनच किंमत मोठी आली: चार तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधली एक जागा. नेहमीच्या ड्राफ्ट-जागा विकता येत नाहीत, फक्त लहान संघांना समतोलासाठी मिळणाऱ्या जादा जागांचाच व्यवहार होतो, तशीच ही. त्यामुळे मी याला छाटणीच म्हणेन. हा संघ स्टर्नबर्ग यांच्या काळातही असंच करत आला आहे, नव्या मालकाची ही खूण नव्हे. चूक कुठे होऊ शकते? आलेल्या मुलांच्या निवडीत. ते कळायला २०२८ उजाडेल.

यात लॉटरीचा हातभार लागला. बादफेरी चुकलेल्या १८ संघांत पहिल्या सहा निवडींसाठी सोडत होते, तळाच्या तिघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १६.५ टक्के संधी. रेज तळाच्या जवळपासही नव्हते, तरी २०२६ साठी दुसरा क्रमांक लागला. पण यावर सवय लावून घेता येत नाही. उत्पन्नवाटपातून पैसे घेणाऱ्या संघाला सलग तिसऱ्या वर्षी पहिल्या सहात जागा मिळत नाही, आणि देणाऱ्याला सलग दुसऱ्या वर्षीही नाही. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ ला १२१ सामने हरूनही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर गेले ते यामुळेच.

एक काळजी मात्र आहे. खेळाडू आणि मालकांमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. पगाराचे आणि वाटपाचे नियम बदलले तर वरचं सगळं गणित नव्याने मांडावं लागेल.

पालशेत_किनारा

बुरोंडीकर ताई, फळ्यासाठी एक गणित देतो, आठवीच्या मुलाला जमेल. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, गुणिले १६२. संघाचे विजय साधारण किती व्हायला हवे होते ते निघतं.

याच संघाचे जुने आकडे घ्या. स्टर्नबर्ग यांच्या पहिल्या वर्षी, २००६ ला, ६१-१०१. २००७ ला केलेल्या धावा ७८२, दिलेल्या ९४४. उत्तर येतं ६६, आणि प्रत्यक्षातही ६६-९६. २००८ ला केलेल्या ७७४, दिलेल्या ६७१. उत्तर ९२ च्या पुढे, प्रत्यक्षात ९७-६५ आणि थेट वर्ल्ड सिरीज (अजिंक्यपदाची अंतिम मालिका). मुलांना विचारा, फलंदाजी किती सुधारली? आठ धावांनी घटली! बदल आहे तो दिलेल्या धावांत, २७३ ने कमी, म्हणजे सामन्यामागे पावणेदोनच्या आसपास. डेल्मन यंगसारखा फलंदाज देऊन पिचर मॅट गार्झा आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) जेसन बार्टलेट घेतले, एव्हन लाँगोरिया तिसऱ्या बेसवर आला. जमिनीवरून येणारे चेंडू अडायला लागले, की पिचरला डाव संपवायला कमी चेंडू पुरतात.

२०२५ च्या रेजनेही दिल्या त्यापेक्षा जास्त धावा केल्या होत्या, तरी हरलेले सामने जास्त. तो वर्षभराचा आकडा मुलांनाच शोधून सूत्रात घालू द्या.

बुरोंडीकर

हे उत्तम झालं. अर्धा तास फळा आणि उरलेला अर्धा तास जमिनीवरचे चेंडू, असंच ठेवते. २००७-०८ चे आकडे कागदावर मोठे लिहून आणते.