मदत हवी आहे: प्लेटिंगच्या गाळाचे सिमेंट-फ्लाय अ‍ॅश क्यूब टीसीएलपीत नापास

इलेक्ट्रोप्लेटिंगच्या ईटीपीतला (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतला) गाळ आहे. त्यातले धातू झिरपू नयेत म्हणून तो सिमेंटमध्ये बांधतोय. जस्त भरपूर, शिवाय क्रोमियम आणि शिसं. कोरड्या वजनावर गाळ ४०, ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) ३०, फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) ३० टक्के. तिसऱ्या दिवशीही क्यूबमध्ये नख रुततं. २८ दिवसांनी टीसीएलपीत (सौम्य आम्लात हलवून किती धातू झिरपतो ते मोजणाऱ्या चाचणीत) क्रोमियम ९ आणि शिसं ६ मिग्रॅ/लिटर. मर्यादा दोन्हींना ५. फ्लाय अ‍ॅश १५ करून सिमेंट ४५ केलं, तर शिसं उलट ११ वर गेलं. असं का?

प्रतिसाद १
चाचणी संपताना लीचेटचा (धातू झिरपलेल्या द्रवाचा) पीएच किती होता?

धागाकर्ता
सिमेंट ३० ला ११.६, ४५ ला १२.३.

प्रतिसाद १
मग शिशाचं कोडं तिथेच सुटलं. शिशाचं हायड्रॉक्साइड पीएच साधारण ९ ते १०.५ मध्ये सर्वांत कमी विरघळतं. १२ च्या वर प्लंबाइट (शिशाचं विरघळणारं रूप) होऊन परत पाण्यात उतरतं. सिमेंट वाढवाल तितकं शिसं सुटणार. ओपीसी १५ वर आणा आणि फ्लाय अ‍ॅश काढून दळलेली ब्लास्ट फर्नेस स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) ४५ घाला.

क्रोमियमची गोष्ट वेगळी. क्रोम-३ (तीन संयुजेचं क्रोमियम) हायड्रॉक्साइड होऊन बसतं, क्रोम-६ (सहा संयुजेचं) मात्र क्रोमेट म्हणून कुठल्याही पीएचला मोकळंच फिरतं. फ्लाय अ‍ॅश त्याला काही करत नाही (काही राखेत ते स्वतःच असतं). स्लॅगमधलं सल्फाइड त्याचं क्रोम-३ करतं, पण हळू. म्हणून आधी फेरस सल्फेट: १ ग्रॅम क्रोम-६ ला त्याचं हेप्टाहायड्रेट (पाणी धरलेले स्फटिक) १६ ग्रॅम हा हिशेब, प्रत्यक्षात दीडपट. गाळाची पातळ लापशी करून त्यात घाला, अर्धा तास ढवळा. थोडं गाळून आम्ल करा, डायफिनाइलकार्बझाइडचे थेंब टाका. जांभळट गुलाबी झालं तर क्रोम-६ शिल्लक आहे. रंग येईनासा झाल्यावरच सिमेंट. उलट क्रमाने घातलंत तर अल्कलीत फेरस हवेनेच ऑक्सिडाइझ होऊन वाया जातं. उगाच तिप्पटही नको. जादा सल्फेटमुळे पुढे एट्रिंगाइट (सिमेंटमध्ये वाढणारे सल्फेटचे स्फटिक) फुगून क्यूब तडकतो.

प्रतिसाद २
नख रुततंय ते जस्तामुळे. सिमेंटच्या कणांवर कॅल्शियम हायड्रॉक्सिझिंकेटचा थर बसतो आणि हायड्रेशन (सिमेंटची पाण्याशी अभिक्रिया) अडतं. बाइंडरच्या (सिमेंट अधिक स्लॅगच्या) २ टक्के कॅल्शियम क्लोराइड घालून बघा. सळई असेल तिथे चालणार नाही. स्लॅग मुळातच सावकाश, तेव्हा तिसऱ्या नव्हे, सातव्या दिवशी तपासा. आणि गाळातलं पाणी मोजता ना? १०५ अंशांवर वाळवून ओलावा काढा, तेवढं मिश्रणाच्या पाण्यातून वजा करा.

धागाकर्ता
गाळातलं पाणी धरलंच नव्हतं. क्युरिंग (क्यूब ओलसर ठेवून पक्का करणं) टाकीत बुडवून करतोय, चालेल?

प्रतिसाद २
नको. धातू टाकीतच झिरपतात आणि चाचणीत आकडा खोटा कमी दिसतो. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा. टाकीतलं ते पाणी मात्र ईटीपीतच सोडा.